नोतरं दिलेली रानहळद

आई, तू रानहळद लावली होतीस त्या जागी आता ती नाही. मेली नाही, कोणी उपटूनही नेली नाही. ती सरकली आहे. तुला हे लिहून कळवावं याचं माझं मलाच हसू येतं, कारण तुला वाचता येत नव्हतं, आणि घरात आपण जी बोली बोलायचो ती मला लिहिता येत नाही. घरात तू याहा होतीस. शाळेनं मला लिहायला ही एकच भाषा दिली आणि हिच्यात तुला आई म्हणावं लागतं. समोर परातीत पाणी निवळत ठेवलं आहे. कुटलेल्या कंदांचं पांढरं सत्त्व तळाशी बसेपर्यंत परातीला धक्का लावायचा नसतो, तू तर जवळून कोणाला चालूही द्यायची नाहीस. मी ज्या आश्रमशाळेत आता शिकवते तिला आज सुट्टी आहे. तेव्हा मागच्या दाराशी बसून पाणी निवळायची वाट बघत मी तुला लिहिते आहे.

घर चढावर आहे, मागच्या दारातून खाली उतरलं की उंबर, आणि उंबराच्या खाली नाला. डोंगरावरून आणलेले कंद तू उंबराच्या पलीकडच्या अंगाला लावले होतेस, नाल्याच्या बाजूला, जिथे भर दुपारीही ऊन कवडशांनीच पोचतं. उन्हाळ्यात त्या जागी काहीच नसतं. माहीत नसलेला माणूस सरळ त्यावरून चालत जाईल. मग ज्येष्ठात एखाददुसरी सर पडली न पडली की पानांच्याही आधी जमिनीतून फूल वर येतं, गुलाबी, देठाशिवाय, जणू खाली कोणीतरी ते मुठीत धरून हात तेवढा वर केला आहे. पानं मागून येतात, रुंद, केळीच्या पिल्लासारखी. दिवाळीनंतर ती पिवळी पडून आडवी होतात आणि सगळा जीव खाली कंदात उतरतो. मी तिसरीत असताना सुट्टीला घरी आले आणि शाळेत शिकवलेली स्वच्छता दाखवायला म्हणून उंबराखालचा सगळा पालापाचोळा झाडून काढला. तू माझ्या हातातला खराटा काढून घेतलास. "थंडीत तुझ्या अंगावरचं पांघरूण कोणी ओढलं तर तुला कसं वाटेल?" एवढंच म्हणालीस, आणि गोळा केलेला सगळा पाला ओंजळीनं परत पसरायला लावलास. त्या दिवसापासून मला ती रोपं झोपलेल्या माणसांसारखी वाटायला लागली. अजून वाटतात, आणि हे मी वर्गात सांगत नाही.

गावात कोणी बाळंतीण झाली की तू कंद काढून त्यांची तवकीर करायचीस आणि पेजेत घालून द्यायचीस. पण काढायच्या आधी नोतरं द्यावं लागतं, आमंत्रण. आदल्या दिवशी दिवस मावळताना जायचं, तांदळाचे चार दाणे ठेवायचे, मोहाच्या दारूचा थेंब मातीवर सोडायचा आणि सांगायचं, उद्या सकाळी तुला न्यायला येते, अमकीसाठी. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. आणि एकदा सांगितलं की सकाळी जायचंच, पाहुणे असोत की आजारपण. न विचारता काढलेला कंद गुण देत नाही, आणि सांगून न काढलेला कंद वाट बघत राहतो. "वाट बघून काय करतो?" मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "सुट्टीच्या दिवशी बा न्यायला आला नाही की तू काय करतेस?" मी म्हटलं, मी आधी ओट्यावर बसते, मग फाटकाशी येऊन उभी राहते. "मग," तू म्हणालीस, आणि कुटायला लागलीस.

ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी चौथीत आहे. तू, बा आणि दादा ऊसतोडीला गुजरातेत निघणार, त्याआधी तुला मला बघायचं म्हणून बा मला शाळेतून घेऊन आला आहे. तुझ्या लुगड्याचं टोक धरून मी उतरते. तू दाणे ठेवतेस, थेंब सोडतेस, आणि इतकी वाकतेस की कपाळ पाल्याला टेकतं. तुझे ओठ हलतात. मला नाव ऐकू येत नाही. चढताना मी विचारते, "कोणासाठी?" तू म्हणतेस, "तिला सांगितलं ना, झालं." आणि मग, आई, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मुकादमाची गाडी येते. ती दोन दिवसांनी यायची होती. बा गाठोडी उचलतो, दादा कोयते उचलतो, तू चुलीवरची भाकरी तशीच फडक्यात बांधतेस. शेजारच्या घरातून फुई, बाची बहीण, दारात येऊन नुसती उभी राहते. गाडी वळेपर्यंत तू मागे बघत होतीस. माझ्याकडे बघत होतीस असं मी कित्येक वर्षं धरून चालले. मी तर रस्त्याच्या या कडेला उभी होते. तू बघत होतीस ते घराच्या मागच्या बाजूला.

होळीच्या आधी बा आणि दादा परत आले. तुला तिकडेच उसाच्या फडाजवळ, कालव्याच्या काठावर माती दिली होती. ताप आला, उतरला नाही, एवढंच घरात बोललं गेलं. तुझं घरी येणं राहून गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मी शिकले, नंदुरबारला हॉस्टेलवर राहून वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाले. आपल्या घरात पहिली. बानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवला. मी परत आले ते ठरवून. डोंगरावर आता रानहळद राहिली नाही. व्यापारी मोलगीच्या बाजारात पोत्यानं घेऊ लागले तेव्हा लोकांनी नोतरं न देता, पानं पिवळी व्हायची वाट न बघता, उकरून उकरून संपवली. माझं म्हणणं असं की ज्या घराला सावलीचा एक कोपरा आहे त्या घरानं ती लावावी. नांगरायचं नाही, खत नको, थंडीत पाणी नको, फक्त पाल्याचं पांघरूण आणि सावली. मी पोरांना घेऊन शाळेमागे बांबूखाली तुझेच थोडे कंद लावले. ते छान वाढले. जागच्या जागी.

घरची मात्र तिथे नव्हती. परत आल्यावर पहिल्या ज्येष्ठात मी उंबराच्या पलीकडे फुलं शोधत बसले आणि ती माझ्या पाठीमागे, उंबराच्या अलीकडच्या अंगाला उगवलेली. मी शिकलेलं आठवलं. कंद आडवा वाढतो, जुना भाग सडतो, नवा पुढे जातो, म्हणजे झाड दर वर्षी थोडं चालतंच. मी पुढच्या टोकाला सागाची खुंटी रोवली. पुढच्या वर्षी फुलं खुंटीच्या पुढे, घराच्या बाजूला. पुन्हा खुंटी. पुन्हा पुढे. उंदीर नेत असतील, पावसाचं पाणी नेत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण पाणी घराकडून नाल्याकडे जातं, नाल्याकडून घराकडे येत नाही. खालच्या बाजूला भुसभुशीत, काळी, ओली माती आहे, कोणताही कंद तिकडे जाईल. वर तुडवून टणक झालेली वाट आहे. ती वाटेनं येत होती. कोंबड्या अख्खं अंगण उकरतात, पण त्या पट्ट्यावर पाय ठेवत नाहीत, वळसा घालून जातात. एके दिवशी मी खुंटीजवळ उकिडवी बसलेली बघून फुई जवळ आली.

"पोरांना काय शिकवतेस गं? झाडाला पाय असतात?"

"नसतात, फुई."

"मग हिलाही सांग की. तिनं शाळा बघितली नाही."

मी हसले. ती हसली नाही. "तुझ्या आईनं नोतरं दिलं आणि गेली," ती म्हणाली. "ही किती दिवस वाट बघेल? निघाली बघायला, कुठे राहिली म्हणून."

यंदा दादाच्या बायकोला दिवस राहिले. तू तिला बघितलं नाहीस. अक्कलकुव्याकडची आहे, कामाला वाघीण, आणि मला मास्तरीण म्हणून चिडवते. पुढे सिमेंटची एक खोली झाली आहे, पण स्वयंपाकघर तुझंच आहे, कुडाचं, खाली शेणामातीची जमीन. ज्येष्ठात एका सकाळी ती भाकरी थापत असताना चूल आणि कूड यांच्या मधली जमीन तडकली, आणि दुपारपर्यंत तिथून गुलाबी टोक वर आलं. वहिनीनं मला हाक मारली. "बघ, तुमच्याकडे झाडंसुद्धा न विचारता घरात येतात. तुमच्या घरचीच चाल दिसते." आम्ही दोघी हसलो. मग पानं आली, तिच्या कमरेएवढी झाली, उजेड नसलेल्या त्या कोपऱ्यात हिरवीगार. आणि हसणं थांबलं. "मी चुलीपुढे असले की पाठीमागे कोणीतरी बसलंय असं वाटतं," ती एकदा म्हणाली. मी विचारलं, भीती वाटते? ती म्हणाली, "वाईट नाही वाटत. पण बसलंय."

भीती घातली ती फुईनं. "ज्या नावानं सांगितलं होतं ते नाव शोधतेय ती. नाव सापडलं नाही, तर घरात जी बाळंतीण दिसेल तिलाच धरेल." हे ती वहिनीच्या समोर बोलली. वहिनीनं ताट खाली ठेवलं आणि सांगितलं की एक तर हे जाईल, नाही तर मी माहेरी जाईन आणि पोर चालायला लागेपर्यंत येणार नाही. दादानं पुढच्या बाजाराला जीपमधून सिमेंटच्या गोण्या आणल्या. उकरून नाल्यात टाकतो आणि वर कोबा करतो, म्हणाला. पोर रांगेल तिथे जमीन पक्की पाहिजे. मी वाद घातला. डोंगर संपला, ही गेली की शाळेमागचे चार कंद सोडले तर बीसुद्धा राहणार नाही, फुईच्या बोलण्यावर घरं चालवायची का, दवाखान्यात नाव घातलं आहे, सगळं नीट होईल. दादानं ऐकून घेतलं. "डोंगराचं तुझं बरोबर असेल. माझ्या बायकोचा डोळा लागत नाही, त्याचं सांग." आणि खरं कारण तर मी त्याला सांगितलंच नव्हतं. मलाही रोज वाटत होतं की ती माझ्यासाठी येते आहे. त्या थंडीत मी किती वाळले होते, तुला आठवत असेल. तू ते नाव माझं घेतलं असशील, तर मी ते सिमेंटखाली कसं जाऊ द्यायचं? आणि माझं नसेल, तर वहिनीला काय होईल? मी दादाला पानं वाळेपर्यंत थांब म्हटलं. तेवढं त्यानं ऐकलं.

पानं पिवळी पडली. ती आडवी झाली त्या दिवशी ओट्यावर बसून बा अंबाडीचा दोर वळत होता. वहिनी आत गाठोडं बांधत होती, फुई दाराशी होती, आणि पुन्हा नावावरून तेच सुरू होतं. बानं दोर खाली ठेवला.

"तिनं स्वतःचं नाव घेतलं होतं," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मला सांगितलं तिनं. पोटुशी होती. मला म्हणाली, माझ्यासाठी तू नोतरं दे. बाप्या माणूस दारूचा थेंब घेऊन मातीशी बोलणार, लोक काय म्हणतील? मी हसलो. आणि हिच्याशी," त्यानं फुईकडे न बघता मान हलवली, "तेव्हा तिचं बोलणं नव्हतं. मग ती स्वतःच गेली."

"स्वतःसाठी देत नसतात," फुई हळूच म्हणाली.

"तिला माहीत नव्हतं होय? गावाला तीच शिकवायची. दुसरं कोणी नव्हतं म्हणून गेली."

"मग तापानं..." मी म्हणाले.

"ताप नंतर आला. आधी पोर गेलं." बानं दोर उचलला, पण वळला नाही.

आई, साऱ्या गावाच्या बायकांसाठी तू तिथे वाकलीस. तुझ्यासाठी वाकायला एक माणूस मिळालं नाही. मी होते तुझ्याबरोबर. तू मला सांगितलं असतंस तर मी दोन दाणे ठेवून तुझं नाव घेतलं असतं, नऊ वर्षांच्या पोरीनं घेतलेलं चालत असेल तर. फुई उठून आपल्या घरी गेली. जाताना तिचा हात कुडाला लागत लागत गेला, आंधळ्याचा जावा तसा. तिचे टोमणे त्या दिवसापासून बंद आहेत आणि मला ते ऐकायची इतकी सवय होती की घर ओसाड वाटतं.

वहिनी गाठोडं तसंच ठेवून बाहेर आली. "मामा," ती बाला म्हणाली, "सासूबाईंचं नाव होतं, तर त्यांचं त्या आणि ती बघून घेतील. मला भीती नाही. पण माझ्यासाठी कोण सांगणार? सासू असती तर तिनं सांगितलं असतं." मग माझ्याकडे वळली. "मास्तरीण, तू सांगशील? का शाळेत चालत नाही?"

चालतं, मी म्हणाले.

माझी सुट्टी येईपर्यंत आठ दिवस गेले. काल दिवस मावळताना मी चुलीमागच्या कोपऱ्यात बसले. दाणे ठेवले. बानं दारूची बाटली दारातूनच आत सरकवली आणि निघून गेला. थेंब सोडला. मी ठरवलं होतं तसं वहिनीचं नाव घेतलं. पण वाकल्यावर उठवेना. माती कपाळाला कोमट लागली, चुलीजवळ आहे म्हणून, आणि ओल्या पाल्याचा वास आला, जो त्या जमिनीला येण्याचं कारण नाही. तेव्हा मी तुझंही नाव घेतलं. तुला आम्ही नावानं कधी हाक मारली नव्हती. ते तोंडात परक्या बाईचं नाव असल्यासारखं आलं. सकाळी न्यायला येते, दोघींसाठी, असं म्हणाले. मागच्या दाराला आतून कडी घातली आणि पुढच्या खोलीत वहिनीच्या शेजारी जाऊन झोपले.

पहाटे खुरपी घेऊन स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यातली माती आधीच उकरलेली होती. कंद बाजूला काढून ओळीनं ठेवलेले, माती झटकलेली, मुळं खुडलेली. मधला मोठा गड्डा परत जागेवर पुरून वरची जमीन हातानं दाबून सारखी केलेली. मागच्या दाराची कडी तशीच होती. मग पुढून वहिनीचा आवाज आला, "मिळाले का गं?"

"मिळाले."

"एवढ्यात?"

"माती भुसभुशीत होती," मी म्हणाले.

दादानं येऊन बघितलं. खाली बसून दाबलेल्या मातीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, एवढा कोपरा सोडून बाकीचा कोबा करतो. वहिनीनं गाठोडं सोडून लुगडी परत दांडीवर टाकली. आम्ही कंद धुतले, कुटले, फडक्यातून गाळले. पिवळट कडू पाणी दोनदा ओतून दिलं. आता तिसरं पाणी आहे आणि तळाशी पांढरं बसायला लागलं आहे. थोड्या वेळानं वरचं पाणी सांडून ते उन्हात घालीन.

हा कागद कुठे पाठवायचा? तो कालव्याचा काठ बाला आता नीट सांगता येत नाही. तिकडचे फडही बदलले म्हणतात. पुरून टाकीन म्हटलं तर घरात तेवढी एकच मोकळी जमीन राहणार आहे आणि तिथे मी हात लावणार नाही. घडी करून ठेवीन माझ्याजवळच. पण एक लिहिते. घरात सगळ्यांना वाटतं की कंद मी काढले, आणि मी तसं वाटू दिलं. वर्गात मी पोरांना सांगते, आधी नीट बघा, मग ठरवा. सकाळी बा अंगणात शेकोटीपुढे हात धरून बसला होता, फुई कित्येक दिवसांनी आली होती, दादा होता, वहिनी होती. कोणाच्या नखांत माती आहे का, एवढं एकदा बघितलं असतं तर मला कळलं असतं. मी त्या सगळ्यांशी त्यांच्या हातांकडे न बघता बोलले.